वाकवलेला चमचा आणि तिघी जणी

दुखणी दोन प्रकारची असतात. एक चारचौघांत सांगण्याजोगी आणि दुसरी पदराआड दडवण्याजोगी. गुडघा धरला, दाढ ठणकली, साखर वाढली, की बाई शेजारणीला सगळे सविस्तर सांगते. पण खोकताना लघवी सुटते, किंवा दिवसरात्र ठिबकतच राहते, हे ती नवऱ्यालासुद्धा सांगत नाही. लग्नकार्याला जाणे बंद होते, एस.टी.चा प्रवास नको वाटू लागतो, देवळात बसायची लाज वाटते. घरातल्यांना वाटते, हिचा स्वभावच एकलकोंडा झाला. स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून तीसहून अधिक वर्षे काम करताना मी अशा कितीतरी जणी पाहिल्या. कंबरदुखीचे निमित्त काढून त्या येत आणि उठून जाताना, दाराशी थांबून, खरे दुखणे हळूच सांगत.

या दुखण्यावर शस्त्रक्रिया आहेत आणि चांगल्या आहेत. परंतु शस्त्रक्रियेआधी नीट पाहावे लागते. लघवी कोठून गळते, कशाने गळते, किती गळते, हे कळल्यावाचून सुरी हाती घेणे म्हणजे अंधारात दगड मारणे. हे पाहण्याची वाट ज्याने खुली करून दिली, त्या माणसाची ही गोष्ट. त्याचे नाव जेम्स मॅरियन सिम्स. त्याच्या नावाचे स्पेक्युलम मुंबईच्या मोठ्या इस्पितळांपासून खेड्यातल्या आरोग्य केंद्रापर्यंत सगळीकडे ट्रेमध्ये असते. बदकाच्या चोचीसारखे ते साधे अवजार मी हजारो वेळा हातात घेतले असेल. त्यामागची कहाणी मात्र साधी नाही. तिच्यात बुद्धी आहे, चिकाटी आहे आणि गुलामगिरीचा काळाकुट्ट अंधारही आहे.

विहिरीत टाकलेली पाटी

सिम्सचा जन्म 25 जानेवारी 1813 रोजी अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलायना राज्यात लँकेस्टर परगण्यात झाला. 1832 मध्ये तो पदवीधर झाला. डॉक्टरी हा त्याच्या मनाचा कौल नव्हता. काहीतरी करायला हवे म्हणून तो या वाटेला लागला, आणि 1835 मध्ये फिलाडेल्फियाच्या जेफर्सन मेडिकल कॉलेजातून डॉक्टर होऊन गावी परतला. दारावर मोठी पाटी लागली. पहिले दोन रुग्ण आले, दोन्ही तान्ही बाळे. दोन्ही दगावली. खचलेल्या सिम्सने पाटी काढली, घरामागच्या जुन्या विहिरीत टाकली आणि गाव सोडले.

तो अलाबामात गेला. 1836 मध्ये थेरेसा जोन्स हिच्याशी त्याचे लग्न झाले आणि 1840 च्या अखेरीस तो माँटगोमेरी या गावी स्थिरावला. तिरळे डोळे, वाकडे पाय, फाटलेले ओठ यांच्या शस्त्रक्रियांत त्याने नाव कमावले. स्त्रियांच्या दुखण्यांचा मात्र त्याला तिटकारा होता. त्या वाटेला जायचे नाही, असेच त्याचे ठरलेले होते.

माँटगोमेरी हा कापसाच्या मळ्यांचा मुलूख होता. मळ्यांवर काळे गुलाम राबत. गुलाम ही मालकाची मालमत्ता, म्हणून आजारी गुलामाला डॉक्टरकडे आणणे हा मालकाच्या दृष्टीने हिशेबाचा भाग असे. सिम्सच्या व्यवसायाचा मोठा हिस्सा यातूनच येई. याच काळात त्याने गुलामांच्या नवजात बाळांच्या धनुर्वातावर प्रयोग केले. बाळंतपणात कवटीची हाडे सरकल्याने हा रोग होतो, अशी त्याची समजूत होती. ती हाडे तो टोच्यासारख्या अवजाराने उचलू पाही. समजूत सपशेल चुकीची होती आणि बाळे मरत. धनुर्वाताचा जंतू सापडला तो 1884 मध्ये, सिम्सच्या मृत्यूनंतर.

अडलेली अनार्का

1845 साल. वेस्कॉट यांच्या मळ्यावरील अनार्का नावाची सतरा वर्षांची गुलाम मुलगी तीन दिवस अडली होती. मदतीला बोलावलेल्या सिम्सने चिमटे लावून बाळ बाहेर काढले. काही दिवसांनी कळले, की तिचा लघवीवरचा आणि शौचावरचा ताबा पूर्ण गेला आहे.

असे का होते, हे समजून घेतले पाहिजे. बाळाचे डोके दिवसचे दिवस ओटीपोटाच्या हाडांत अडकून राहिले, की डोके आणि हाड यांच्यामध्ये मूत्राशयाची आणि योनिमार्गाची भिंत चेपली जाते. रक्तपुरवठा तुटतो, तेवढा भाग मरतो, आठवड्याभरात गळून पडतो आणि तेथे भोक राहते. यालाच डॉक्टर फिस्चुला म्हणतात. मग लघवी साठतच नाही, अखंड वाहते. कातडी सोलवटते, दुर्गंधी सुटते आणि बाई माणसांतून उठते. आपल्याकडेही सुईणीच्या हाती दिवसेंदिवस अडलेल्या बाळंतिणींच्या नशिबी हेच येई. अशा कित्येकींना नवऱ्याने माहेरी धाडले आणि माहेराने गोठ्याशेजारची खोली दिली.

अनार्कापाठोपाठ बेट्सी आणि लूसी या दोन गुलाम मुली सिम्सकडे आल्या. दोघींची दुखणी तीच. सिम्सने पुस्तके चाळली. व्हर्जिनियात मेटॉअर आणि बोस्टनमध्ये हेवर्ड अशा एकदोघांना थोडे यश आले होते, पण बहुतेकांनी हे दुखणे असाध्य ठरवले होते. सिम्सनेही तसेच सांगितले आणि लूसीला परत पाठवायचे ठरले.

चमच्याने दाखवलेली वाट

त्याच सुमारास घोड्यावरून पडलेल्या एका गोऱ्या बाईला पाहण्यासाठी त्याला बोलावणे आले. पडल्यामुळे तिची गर्भपिशवी मागे उलटली होती. विद्यार्थिदशेत ऐकलेला एक उपाय आठवून सिम्सने तिला गुडघे आणि छाती टेकवून ओणवे केले व बोटांनी पिशवी सरळ करू लागला. इतक्यात आत हवा शिरली, योनिमार्ग फुग्यासारखा फुलला आणि पिशवी आपोआप जागेवर गेली.

दुसरा एखादा डॉक्टर फी घेऊन घरी गेला असता. सिम्सच्या डोक्यात वेगळाच प्रकाश पडला. या स्थितीत हवेने मार्ग फुलतो, तर मग आतले भोक डोळ्यांना दिसेल! परतताना त्याने वाटेत पांढऱ्या धातूचा एक मोठा चमचा विकत घेतला. घरी येऊन बेट्सीला त्याच स्थितीत ठेवले, चमच्याचा दांडा वाकवून आत धरला आणि मागची भिंत उचलली. बाहेरचा उजेड आत पडला. इतके दिवस फक्त बोटांना जाणवणारे भोक आता आकारासह, कडांसह, स्वच्छ दिसत होते.

माझ्या मते सिम्सच्या आयुष्यातला सर्वांत मोठा क्षण हाच. पुढचे टाके, तारा, नळ्या हे सगळे नंतरचे. त्याआधी डॉक्टर चाचपडत होते. सिम्सने आधी पाहिले. भोक कोठे आहे, केवढे आहे, कडा मऊ आहेत की वण पडून ताठ झाल्या आहेत, मूत्राशयाचे तोंड शाबूत आहे की नाही, हे प्रश्न शस्त्रक्रियेपूर्वी विचारता येऊ लागले, कारण आता उत्तर मिळू शकत होते. त्या चमच्यावरून पुढे सिम्सचे स्पेक्युलम घडले. बाईला डाव्या कुशीवर, वरचा पाय पोटाशी घेऊन झोपवण्याच्या पद्धतीला आजही त्याचेच नाव आहे.

तिसावी शस्त्रक्रिया

सिम्सने अंगणात गुलाम रुग्णांसाठी लहानसे इस्पितळ उभारले. मालकांशी करार झाला. कपडे आणि कर मालकाने भरायचे, खाणेपिणे आणि उपचार सिम्सने बघायचे, फी काही नाही. करारावर मालकांची संमती होती. ज्यांच्या देहावर सुरी चालायची होती त्यांच्या संमतीची जागाच त्या व्यवस्थेत नव्हती. त्या मुली इच्छुक होत्या, असे सिम्सने पुढे लिहिले. असतीलही. अशा यातनेतून कोणाला सुटायचे नसते? परंतु जिला नकार देता येत नाही, तिच्या होकाराचे वजन किती धरायचे, हा प्रश्न त्या लिखाणाने मिटत नाही. त्या तिघींनी स्वतः लिहिलेली एक ओळही मागे उरलेली नाही.

पहिली शस्त्रक्रिया लूसीवर झाली. सुमारे डझनभर डॉक्टर बघायला जमले होते. भूल नव्हती. ईथरचे जाहीर प्रात्यक्षिक बोस्टनमध्ये झाले ते 16 ऑक्टोबर 1846 रोजी, म्हणजे नंतर. लूसी सुमारे तासभर ओणवी राहिली. लघवी वाहून नेण्यासाठी सिम्सने मूत्राशयात स्पंजाचा तुकडा ठेवला. त्यावर क्षार साचले, तो घट्ट चिकटला आणि लूसीच्या अंगात विष भिनले. ती मरणाच्या दारातून परतली. सावरायला तिला दोन-तीन महिने लागले.

मग बेट्सी, मग अनार्का, पुन्हा लूसी. भोक लहान होई, पण टाके पिकत आणि थेंबभर जागा उरे. थेंबभर जागा म्हणजे दिवसरात्र ओले कपडे. एक वर्ष गेले, दुसरे गेले. बघायला येणारे डॉक्टर कंटाळून येईनासे झाले. तेव्हा सिम्सने त्या मुलींनाच हाताखाली घेतले. एकीवर शस्त्रक्रिया होत असताना दुसऱ्या तिला धरून ठेवीत आणि अवजारे पुढे करीत. त्या स्वतः रुग्ण होत्या आणि परिचारिकाही. जगात या शस्त्रक्रियेची त्यांच्याइतकी माहिती तेव्हा फार थोड्यांना असेल. डॉक्टरांच्या यादीत सिम्सचे नाव राहिले, त्यांची आडनावेसुद्धा नोंदली गेली नाहीत.

चौथ्या वर्षी सिम्सने चूक कोठे होते ते शोधले. रेशमाच्या टाक्यांत घाण मुरत होती. त्याने सोनाराकडून चांदीची बारीक तार करून घेतली आणि शिशाच्या भोक पाडलेल्या छऱ्यांनी ती आवळून बसवली. स्पंजाऐवजी आपोआप जागेवर राहणारी वळणदार नळी वापरली, त्यामुळे मूत्राशय सतत रिकामे राहिले. 1849 मध्ये अनार्कावर ही शस्त्रक्रिया झाली. तिची ती तिसावी वेळ होती. आठवड्याने पाहिले तेव्हा टाके स्वच्छ होते आणि भोक मिटले होते. थोड्याच दिवसांत लूसी आणि बेट्सीही बऱ्या झाल्या व आपापल्या मळ्यावर परत गेल्या. दुखणे गेले, गुलामी राहिली.

न्यू यॉर्क, पॅरिस आणि पुन्हा न्यू यॉर्क

जानेवारी 1852 मध्ये सिम्सचा या शस्त्रक्रियेवरील लेख एका नामवंत अमेरिकी वैद्यक नियतकालिकात प्रसिद्ध झाला. स्वतः तो जुनाट अतिसाराने पोखरला होता. हवापालटासाठी 1853 मध्ये तो न्यू यॉर्कला गेला. तेथील श्रीमंत स्त्रियांच्या मदतीने 4 मे 1855 रोजी वुमन्स हॉस्पिटल सुरू झाले. पहिल्या रुग्णांत आयर्लंडहून आलेल्या गरीब बायका होत्या. त्यांच्याही वाट्याला वारंवार शस्त्रक्रिया आल्या. ही शस्त्रक्रिया भूल देण्याइतकी वेदनादायक नाही, असे मत सिम्सने 1857 च्या व्याख्यानातही मांडले. वेदना कोणाला किती, हे टेबलाशी उभ्या असलेल्या माणसाने ठरवायचे, ही त्या काळाची रीत होती.

1861 मध्ये यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडचा सिम्स युरोपला निघून गेला. पॅरिसमध्ये त्याने मोठमोठ्या सर्जनांसमोर शस्त्रक्रिया करून दाखवली. सम्राज्ञी यूजेनी त्याची रुग्ण झाली, मानसन्मान मिळाले. 1866 मध्ये त्याचा ग्रंथ आला. 1870 च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात त्याने जखमींसाठीच्या पथकात काम केले. न्यू यॉर्कच्या इस्पितळात प्रेक्षक डॉक्टरांची संख्या आणि कर्करोगाच्या रुग्णांचा प्रवेश यांवरून विश्वस्तांशी वाजले आणि 1874 मध्ये त्याने राजीनामा दिला. तरी 1876 मध्ये अमेरिकेच्या वैद्यक संघटनेचे अध्यक्षपद त्याने भूषवले. 13 नोव्हेंबर 1883 रोजी न्यू यॉर्कमध्ये त्याचे निधन झाले. आत्मचरित्र पुढल्या वर्षी प्रसिद्ध झाले.

मराठी वाचकाला एक योगायोग सांगावासा वाटतो. सिम्स गेला त्याच वर्षी, 1883 च्या जूनमध्ये, आपली आनंदीबाई जोशी न्यू यॉर्कच्या बंदरात उतरली आणि फिलाडेल्फियाला शिकायला गेली. ज्या शहरात सिम्स डॉक्टर झाला, तेथेच ती 1886 मध्ये डॉक्टर झाली. पण सिम्सचे कॉलेज तिला मिळाले नसते. तेथे स्त्रियांना प्रवेश नव्हता. ती स्त्रियांच्या वेगळ्या कॉलेजात शिकली. आपल्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरला दुखणे सांगत नाहीत, म्हणून तर ती एवढ्या लांब गेली होती.

पुतळा उतरला

सिम्सचा पुतळा 1894 मध्ये न्यू यॉर्कमध्ये उभा राहिला आणि 1934 मध्ये सेंट्रल पार्कच्या कडेला आला. दीर्घकाळ त्याच्याकडे कोणी वाकड्या नजरेने पाहिले नाही. मग लोक अनार्का, बेट्सी आणि लूसीबद्दल विचारू लागले. 2006 मध्ये हॅरिएट वॉशिंग्टन यांनी काळ्या लोकांवरील वैद्यकीय प्रयोगांचा इतिहास लिहून सिम्सवर कडक टीका केली. त्याच वर्षी, फिस्चुलाच्या शस्त्रक्रिया स्वतः करणारे लुईस वॉल यांनी त्याची बाजू मांडली. या बायकांचे दुखणे भयंकर होते, उपाय दुसरा नव्हता आणि हेतू त्यांना बरे करण्याचाच होता, असा त्यांचा युक्तिवाद. अखेर एप्रिल 2018 मध्ये पुतळा उतरवला गेला. 2021 मध्ये माँटगोमेरी गावी त्या तिघींची उंच शिल्पे उभी राहिली.

मला विचाराल तर दोन्ही बाजूंत तथ्य आहे. सिम्सचे स्पेक्युलम फेकून देण्यात शहाणपण नाही. ते रोज बायांना वाचवते. पण ते हाती घेताना त्या तिघींची नावे ठाऊक असावीत. मी माझ्या हाताखालच्या तरुण डॉक्टरांना अवजाराच्या नावाबरोबर ही तीन नावेही सांगत असे.

आज तपासणी कशी असते

सिम्सने डोळ्यांना वाट दिली. पुढच्यांनी ती रुंद केली. बाल्टिमोरच्या हॉवर्ड केलीने मूत्राशयाच्या आत पाहण्याची पद्धत सुधारली आणि 1914 मध्ये, भोक नसतानाही खोकताना लघवी सुटणाऱ्या बायकांसाठीची शस्त्रक्रिया मांडली. 1948 मध्ये आर्नल्ड केगेलने दाखवले, की ओटीपोटाच्या तळाचे स्नायू व्यायामाने बळकट होतात आणि पुष्कळांना सुरीची गरजच पडत नाही.

आज बाई आली, की आधी तिचे ऐकायचे. खोकताना, शिंकताना, हंडा उचलताना गळते का? की अचानक जोराची लागते आणि मोरीपर्यंत पोचता येत नाही? की झोपेतही अखंड ठिबकते? पहिला प्रकार आधार सैल झाल्याचा, दुसरा मूत्राशयाच्या अवेळी आकुंचनाचा, तिसरा फिस्चुलाचा किंवा तुडुंब भरून उतू जाणाऱ्या मूत्राशयाचा असू शकतो. पहिल्याची शस्त्रक्रिया दुसऱ्यावर केली, तर गळणे थांबत नाही आणि त्रास कधी वाढतोही. म्हणून तीन दिवस किती पाणी प्यायली, कितीदा लघवीला गेली, कधी गळली, याची नोंद तिला ठेवायला सांगतात. लघवी तपासून जंतू आहेत का पाहतात. भरलेल्या मूत्राशयाने खोकायला लावून गळते का बघतात. लघवी करून आल्यावर आत किती उरली, हे सोनोग्राफीने मोजतात. अंग बाहेर येते का, तेही तपासतात. फिस्चुलाची शंका असेल तर मूत्राशयात निळे औषध सोडून योनिमार्गात कापसाचे तीन बोळे ठेवतात. बोळा निळा झाला तर भोक मूत्राशयाला. निळा न होता नुसता ओला झाला तर मूत्रपिंडाकडून येणाऱ्या नळीला. दोन्हींची शस्त्रक्रिया निराळी.

मूत्राशयातील दाब मोजणारी यंत्राची महागडी तपासणीही आहे. ती प्रत्येकीला लागतेच असे नाही. अमेरिकेत 630 स्त्रियांवर झालेल्या आणि 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, खोकताना गळण्याचा साधा, सरळ प्रकार असेल तर नुसत्या दवाखान्यातल्या नीट तपासणीनंतर केलेल्या शस्त्रक्रियेचे निकाल तितकेच चांगले आढळले. आधीची शस्त्रक्रिया फसली असेल किंवा लक्षणे मिश्र असतील, तेव्हा मात्र यंत्र मोलाचे. सिम्सच्या चमच्याचा धडा हाच आहे. पाहणे महत्त्वाचे. ते महाग असलेच पाहिजे असे नाही.

अडलेल्या बाळंतपणाचा फिस्चुला श्रीमंत देशांतून जवळजवळ गेला. वेळेवर सिझेरियन होते, म्हणून गेला. पण संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीच्या अंदाजानुसार जगात अजूनही सुमारे 5 लाख स्त्रिया व मुली तो घेऊन जगतात. 2013 पासून 23 मे हा दिवस त्यांच्यासाठी पाळला जातो. जेथे बाळंतपणे सुखरूप होतात, तेथे फिस्चुलाचे एक मोठे कारण म्हणजे गर्भपिशवी काढताना मूत्राशयाला होणारी इजा. म्हणून 2019 मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचा प्रश्न विधिमंडळात गाजला, तेव्हा मला माँटगोमेरी आठवले. सुरी चालवण्यापूर्वी गरज तपासली का, बाईला समजेल अशा भाषेत सांगितले का, नाही म्हणायची मुभा तिला होती का? कोयत्याच्या उचलीत अडकलेल्या बाईच्या होकाराचे वजनही जपूनच धरले पाहिजे.

म्हणून रविवारी हे पान घरात सगळ्यांनी वाचावे, अशी विनंती. आई, सासू किंवा बहीण बाहेर जायचे टाळत असेल, तर तिला हळूच विचारा. हे वयाचे भोग नाहीत, यावर इलाज आहे, एवढे सांगा आणि तिच्याबरोबर डॉक्टरकडे जा. डॉक्टरने शस्त्रक्रिया सुचवली, तर कोणत्या प्रकारचे गळणे आहे, कोणत्या तपासण्या झाल्या, निदान तीन महिने व्यायाम करून पाहता येईल का, हे विचारायला संकोचू नका. चांगल्या डॉक्टरला या प्रश्नांचा राग येत नाही. आणि उत्तर ऐकून निर्णय तिचा तिला घेऊ द्या. अनार्का, बेट्सी आणि लूसी यांना तेवढेच मिळाले नव्हते.